दाखला मिळाला, पण शिकवणार कोण?

दिवाळीची सुट्टी संपली की माझ्या दवाखान्यात एका ठरावीक प्रकारचे पालक यायला लागतात. मुलाला ताप नसतो, खोकला नसतो. पालकांच्या हातात जुन्या चिठ्ठ्यांऐवजी शाळेची डायरी असते आणि त्यात लाल शाईने लिहिलेलं असतं, "डॉक्टरांचा दाखला आणावा." मूल बहुतेक वेळा नववीत किंवा दहावीत असतं.

असाच एक मुलगा आईबरोबर आला होता. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) नववीतला, उंचीने आईपेक्षा वर गेलेला, नजर जमिनीवर. आई म्हणाली, "डॉक्टर, शाळा म्हणते याचा लर्निंग डिसॅबिलिटीचा दाखला आणा, नाहीतर याला पुढच्या वर्षी बाहेरून, सतरा नंबरच्या फॉर्मवर बसवा. तुम्ही देता का हो तो दाखला?"

तो दाखला माझ्यासारख्या फिजिशियनला देता येत नाही, हे मी त्यांना सांगितलं. मग टेबलावरचं वर्तमानपत्र मुलापुढे सरकवलं आणि एक छोटी बातमी वाचायला सांगितली. तो अक्षराला अक्षर लावत निघाला. जोडाक्षर आलं की थांबायचा. 'भ'चा 'म' व्हायचा, 'घ'चा 'ध'. चार ओळींना त्याला चांगलाच वेळ लागला आणि शेवटी काय वाचलं ते सांगता येईना. मग तीच बातमी मी त्याला वाचून दाखवली आणि पाच प्रश्न विचारले. पाचही उत्तरं बरोबर आली. ऐकून सगळं समजत होतं, वाचून समजत नव्हतं.

ते गेल्यावर मी त्याची जुनी फाइल काढली. सहावीत असताना एका वर्षात तीनदा तो पोटदुखीसाठी माझ्याकडे आला होता. सकाळी दुखायचं, रविवारी दुखायचं नाही. रक्त, लघवी, सोनोग्राफी सगळं नॉर्मल. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं : 'आम्लपित्त, शाळेचा ताण.' आणि औषधात एक सिरप. ताण कशाचा, हे मी विचारलं नव्हतं. त्याला वाचता येतं का, हा प्रश्न मला सुचलासुद्धा नव्हता. तीन वर्षं त्यात गेली. त्यामुळे आज मी शाळांवर आणि सरकारवर जी टीका करणार आहे, तिची सुरुवात माझ्यापासूनच व्हायला हवी.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो. दिव्यांग मुलाला नववी-दहावीत दाखला मिळवून देणं म्हणजे त्याला शिकवणं नव्हे, आणि आपण सगळे, म्हणजे डॉक्टर, शाळा, पालक आणि सरकार, या दोन गोष्टी एकच असल्यासारखे वागतो आहोत.

दाखला काय सांगतो?

आधी थोडी वैद्यकीय माहिती. विशिष्ट अध्ययन अक्षमता म्हणजे मुलाची बुद्धी साधारण किंवा त्याहून चांगली असते, नजर आणि कान ठीक असतात, शिकण्याची संधीही मिळालेली असते, तरी वाचन, लेखन किंवा गणित यांतलं एखादं कौशल्य वयाच्या मानाने बरंच मागे राहतं. मेंदूची घडण त्या कामासाठी थोडी वेगळी असते. हा आळस नाही, मोबाइलचा परिणाम नाही आणि आईबापाच्या लाडाचाही नाही. जगभरातल्या शाळकरी मुलांत याचं प्रमाण साधारण ५ ते १५ टक्के धरलं जातं. साठ मुलांच्या वर्गात हा हिशेब तीन ते नऊ मुलांवर येतो. तुमच्या मुलाच्या वर्गातही अशी मुलं बसलेली असतील. शिक्षकांच्या तोंडी त्यांचं नाव वेगळं असतं : 'ढ', 'मठ्ठ', 'लक्ष नाही'.

दाखल्यासाठी ठरवून दिलेल्या सरकारी रुग्णालयात जावं लागतं. तिथे डोळे आणि कान तपासतात, मानसशास्त्रज्ञ बुद्ध्यांकाची चाचणी घेतात, वाचन-लेखन-गणिताच्या वेगळ्या चाचण्या होतात. बऱ्याच फेऱ्या होतात. शेवटी एक कागद मिळतो आणि त्यावर दहावीच्या परीक्षेत सवलती मिळतात : जादा वेळ, लेखनिक, कॅल्क्युलेटर, एखाद्या भाषेऐवजी कार्यानुभवाचा विषय, काहींना खालच्या इयत्तेचं गणित. अशा सवलती देण्यात महाराष्ट्र देशात पुढे होता. १९९६ पासून आपल्याकडे त्या आहेत आणि त्यांनी अनेक मुलांचं आयुष्य सावरलं आहे. मी सवलतींच्या विरोधात अजिबात नाही.

पण समजा, मी एखाद्याचा मधुमेह ओळखला, रिपोर्ट हातात दिला आणि म्हटलं, "आता हा रिपोर्ट जपून ठेवा. दोन वर्षांनी एका दिवसासाठी तुम्हाला याचा उपयोग होईल." औषध नाही, आहार नाही, पुन्हा तपासणी नाही. तुम्ही मला डॉक्टर म्हणाल का? अध्ययन अक्षमतेच्या मुलाशी आपण नेमकं हेच करतो. निदान होतं, कागद मिळतो आणि औषधाची जागा रिकामी राहते. या मुलाचं औषध माझ्या कपाटात नाही. ते वर्गात आहे. त्याला वाचायला शिकवण्याची वेगळी पद्धत असते, ती येणारा प्रशिक्षित विशेष शिक्षक लागतो आणि त्याला दर आठवड्याला त्या मुलाबरोबर बसायला वेळ लागतो.

दिव्यांग म्हणजे फक्त चाकाच्या खुर्चीतलं मूल नव्हे

१९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ते २१ केले. त्यात अध्ययन अक्षमता आली, स्वमग्नता आली आणि हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकल सेल हे रक्ताचे आजारही आले. हे शेवटचं फार कमी शाळांना माहीत आहे, म्हणून त्यावर थोडं बोलतो.

सिकल सेल आपल्या राज्यात विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी पट्ट्यात बराच दिसतो. या मुलांच्या अंगातलं पाणी कमी झालं, थंडी बाधली किंवा जंतुसंसर्ग झाला की रक्तपेशी अडकतात आणि हाडांत असह्य वेदना सुरू होतात. कधी दोन दिवस, कधी आठवडाभर शाळा बुडते. अशा मुलीला काय लागतं? बाकावर पाण्याची बाटली, लघवीला जायची मोकळीक, उन्हातल्या कवायतीतून सूट आणि बुडलेले धडे परत शिकवणारं कोणीतरी. यातलं शेवटचं सोडलं तर कशालाही एक रुपया लागत नाही. तरी तासाला पाणी प्यायचं नाही, मधल्या सुट्टीशिवाय बाहेर जायचं नाही, हे नियम तिच्यावरही चालतात. शाळेच्या दृष्टीने ती शिस्त असते, माझ्या दृष्टीने तो आजाराला दिलेला धक्का असतो.

सेरेब्रल पाल्सी असलेला मुलगा हुशार असतो, पण अर्धं पान लिहून त्याचा हात आखडतो. एका कानाने कमी ऐकू येणारी मुलगी चुकीच्या बाजूला बसवल्यामुळे वर्षभर निम्मंच ऐकते. कमी दिसणाऱ्या मुलाला फळा दिसत नाही, मोठ्या टाइपातली झेरॉक्स मिळाली तर सगळं वाचता येतं. प्रत्येकाची गरज वेगळी आहे. ती ओळखणारं, लिहून काढणारं आणि प्रत्येक विषयाच्या शिक्षकापर्यंत पोचवणारं माणूस शाळेत हवं. बहुतेक माध्यमिक शाळांत ते नाही.

नववीची चाळणी

हे सगळं नववीतच का उघडं पडतं? आठवीपर्यंत मूल बहुतेक वेळा वर्गाबरोबर पुढे सरकत राहतं. बीजगणित, भूमिती, विज्ञानाचे दोन भाग, तीन भाषा असा भार नववीत येतो, तेव्हा पाठांतरावर आणि शेजाऱ्याच्या वहीवर काढलेले दिवस संपतात. आणि दहावी हा शाळेच्या अब्रूचा प्रश्न असतो. निकाल शंभर टक्के लागला की फाटकावर फ्लेक्स लागतो. त्या शंभर टक्क्यांसाठी नववीत चाळण लावली जाते.

सतरा नंबरचा फॉर्म आहे तो शाळा सुटलेल्यांसाठी, नोकरी करून बाहेरून दहावी देऊ इच्छिणाऱ्यांसाठी. चांगली सोय आहे. पण शाळेत रोज येणाऱ्या, शिकायची इच्छा असलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाच्या हातात तो फॉर्म देणं म्हणजे 'तू आमचा निकाल खाली आणशील' हे त्याला तोंडावर सांगणं आहे.

आपल्या भाषेत 'दाखला' हा एकच शब्द दोन कागदांना आहे. एक दिव्यांगत्वाचा आणि दुसरा शाळा सोडल्याचा. काही शाळा पहिला आणायला सांगतात आणि तो आणला की दुसरा हातात ठेवतात. माझ्यासमोर बसलेल्या आईला नेमकी हीच भीती होती. "दाखला आणला आणि मग म्हणाले की आमच्याकडे अशा मुलांची सोय नाही, तर?" हा प्रश्न एखाद्या आईला पडावा, यातच आपलं सगळं आलं.

कायदा काय म्हणतो?

'आमच्याकडे सोय नाही' हे उत्तर कायद्यात बसत नाही. २०१६ चा कायदा एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याचं कलम १६ सरकारी, अनुदानित आणि मान्यताप्राप्त शाळांना सांगतं की दिव्यांग मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्या, त्यांच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी करा, अध्ययन अक्षमता लवकरात लवकर शोधा आणि त्यावर योग्य शिक्षणपद्धतीचे उपाय करा. नीट पाहा, 'शोधा आणि उपाय करा' ही जबाबदारी कायद्याने शिक्षणव्यवस्थेवर टाकली आहे. डायरीत लाल शाईने लिहून ती डॉक्टरकडे ढकलता येत नाही.

कलम १७ मध्ये शिक्षकांना प्रशिक्षण देणं आणि नेमणं, जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट हे सगळं आहे. कलम ३१ प्रमाणे ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ या वयात जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शिक्षण हक्क कायदा चौदाव्या वर्षी थांबतो, हा हक्क अठरापर्यंत जातो. नववी-दहावीची मुलं यातच येतात.

"४० टक्के नाही, म्हणजे काहीच मिळणार नाही," असं अनेक पालकांना सांगितलं जातं. तेही खरं नाही. लिहिताना हात आखडण्याचा त्रास असलेल्या एका उमेदवाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये स्पष्ट केलं की लेखनिकाची सोय फक्त ४० टक्क्यांच्या वरच्यांपुरती मर्यादित ठेवता येणार नाही.

आणि विशेष शिक्षक? ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्याबाबत निकष ठरवून पदं निर्माण करण्याचे आदेश दिले. २०२२ मध्ये शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रमाण आलं : पहिली ते पाचवीला १० दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक, सहावी ते आठवीला १५ मुलांमागे एक. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की राज्यांनी पदं किती ते जाहीर करावं आणि ती भरावीत. साडेतीन वर्षांनी तेच सांगावं लागतं, यावरून कागदाचा आणि वर्गाचा संबंध किती आहे ते समजतं.

विशेष शिक्षक नेमकं करतो काय?

'तारे जमीं पर' हा चित्रपट २००७ चा. आपण सगळे तो पाहून रडलो. पण त्यातला शिक्षक त्या मुलाच्या आयुष्यात योगायोगाने आला होता, हे आपण विसरलो. हंगामी चित्रकला शिक्षक म्हणून आलेल्या माणसाला नेमकं हे काम येत होतं. आपल्या मुलांना योगायोगावर किती दिवस ठेवायचं? शिवाय तो मुलगा तिसरीतला होता. त्याच वयाची, पण न सापडलेली कितीतरी मुलं आज नववीच्या शेवटच्या बाकावर आहेत.

चांगला विशेष शिक्षक माध्यमिक शाळेत असेल तर त्याची कामं ही असतात :

- मूल नेमकं कुठे अडतं ते तपासून त्या मुलाचा लेखी आराखडा करणं. या सहामाहीत काय साधायचं आणि ते कोण करणार, हे त्यात असतं.
- आठवड्यातले काही तास मुलाला वेगळं बसवून वाचन-लेखन-गणित त्याच्या पद्धतीने शिकवणं.
- विषयाच्या शिक्षकांना सांगणं : याला फळ्यावरचं मोठ्याने वाचून दाखवा, हिला डाव्या बाजूला बसवा, याची चाचणी तोंडी घ्या.
- सवलतींचा सराव घटक चाचणीपासून करून घेणं.
- दहावीनंतर काय, याचा विचार नववीत सुरू करणं : अकरावी, आयटीआय, मुक्त विद्यालय की आणखी काही. खालच्या इयत्तेचं गणित घेतलं तर पुढे कोणती दारं बंद होतील, हे मूल आणि पालक यांना आधीच सांगणं.

यातला सवलतींच्या सरावाचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. लेखनिक मिळाला की प्रश्न सुटला, असं वाटतं. पण उत्तर मनात जुळवून, वाक्यवाक्य दुसऱ्याला सांगणं, त्याने काय लिहिलं ते ऐकून दुरुस्त करणं, 'इथे आकृती काढ' हे शब्दांत समजावणं हे वेगळं कौशल्य आहे. तुम्ही-आम्ही तरी एखादं पत्र न अडखळता दुसऱ्याला लिहायला सांगू शकतो का? ज्या मुलाला बोर्डाच्या पहिल्या पेपरला आयुष्यात पहिल्यांदा लेखनिक मिळतो, त्याला त्या सवलतीचा निम्मासुद्धा फायदा होत नाही. जादा वेळेचंही तेच. सराव नसेल तर तो वेळ घड्याळाकडे बघण्यात जातो.

अर्थात विशेष शिक्षक नेमला आणि सगळं त्याच्यावर टाकलं, असंही चालणार नाही. तसं झालं की तो मागच्या खोलीतला 'तसल्या मुलांचा सर' होतो आणि विषयशिक्षक सुटले म्हणतात. हे काम मुख्याध्यापकांनी पुढे होऊन चालवावं लागतं. वेळापत्रकात तास त्यांनी काढायचे, शिक्षकांची महिन्याला एक बैठक त्यांनी घ्यायची, आराखड्यावर सही त्यांची हवी. अमेरिकेत अशा लेखी आराखड्याचा कायदा १९७५ पासून आहे आणि मूल सोळा वर्षांचं होईपर्यंत त्यात शाळेनंतरच्या आयुष्याचं नियोजन यावं लागतं. तिथेही तक्रारी आहेत, तिथेही शिक्षक कमी पडतात. पण 'तुमच्या शाळेचा आराखडा दाखवा' असं विचारायची सोय पालकाकडे आहे. आपल्याकडे पालकाच्या हातात फक्त मुलाचा दाखला असतो. शाळेने काय करायचं, याचा कागदच नसतो.

नेहमीचे आक्षेप

"साठ मुलांच्या वर्गात एकेकाकडे कसं बघणार?" अगदी खरं आहे. निवडणूक, जनगणना, ऑनलाइन माहिती भरणं यांत अडकलेल्या वर्गशिक्षकाला मी दोष देणार नाही. म्हणूनच वेगळं पद मागायचं. एका शाळेत मुलं कमी असतील तर जवळच्या तीन-चार शाळांमिळून एक विशेष शिक्षक ठरलेल्या वारी येऊ शकतो.

"सवलत म्हणजे बाकीच्या मुलांवर अन्याय." चष्मा लावून पेपर लिहिणाऱ्याला आपण कॉपी करणारा म्हणत नाही. ज्याला उत्तर येतं पण हात चालत नाही, त्याला लेखनिक दिल्याने कोणाचे गुण कमी होत नाहीत.

"लोक खोटे दाखले काढतात." काही जण काढतात, मी नाकारत नाही. पण असं का घडतं? कारण सगळा मामला दहावीच्या कागदावर आणून ठेवला आहे. पाचवीपासून मुलाच्या अडचणीची नोंद शाळेत असेल, तर दहावीच्या जानेवारीत अचानक उगवलेला दाखला चटकन ओळखू येईल. मराठीतून पहिली ते पाचवीच्या मुलांची तपासणी करायला राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 'डाली' नावाच्या चाचण्या केलेल्या आहेत. साधनं आहेत, ती वर्गात पोचवायची आहेत.

"अशा मुलांसाठी विशेष शाळा आहेत ना?" आहेत, आणि काही मुलांना त्याच लागतात. खुणांची भाषा किंवा ब्रेल पाया म्हणून शिकायची असेल तर चांगल्या विशेष शाळेला तोड नाही. पण निवड मुलाची आणि पालकांची असायला हवी. शाळेने हात झटकण्यासाठी ते नाव वापरू नये. आणि वाचायला अडणाऱ्या मुलासाठी घर सोडून दूरच्या गावी जायला सांगणं हे उत्तर होऊ शकत नाही.

पालकांनो, तुम्ही काय कराल?

१. आधी डोळे आणि कान नीट तपासून घ्या. कितीतरी वेळा कारण तिथेच सापडतं. फिटच्या किंवा इतर औषधांनी मूल पेंगत असेल तर डॉक्टरांना सांगा, पण औषध स्वतःहून बंद करू नका.

२. शाळेच्या दिवशी सकाळी पोट किंवा डोकं दुखतं आणि सुट्टीत दुखत नाही, असं वारंवार होत असेल तर तपासण्यांबरोबर एक सोपी गोष्ट करा. त्याच्या वयाच्या पुस्तकातला एक परिच्छेद मोठ्याने वाचायला सांगा. मग दुसरा तुम्ही वाचून दाखवा आणि दोन्हींवर प्रश्न विचारा. फरक मोठा दिसला तर तज्ज्ञाकडे जा. हे निदान नाही, पण धोक्याची घंटा नक्की आहे.

३. दहावीची वाट पाहू नका. आठ वर्षांपुढे अध्ययन अक्षमतेची तपासणी होऊ शकते. फेऱ्या होतात, म्हणून लवकर सुरू करा.

४. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या. त्यात २०१६ च्या कायद्याचं कलम १६ आणि १७ लिहा, मुलाला कोणत्या सोयी हव्यात ते लिहा आणि पोच घ्या. तोंडी बोलणं हवेत जातं.

५. दबावाखाली शाळा सोडल्याच्या अर्जावर किंवा सतरा नंबरच्या फॉर्मवर सही करू नका. ऐकलं नाही तर जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. दिव्यांग मुलांच्या प्रवेशासाठी तिथे नोडल अधिकारी असण्याची तरतूद आहे. त्यापुढे पुण्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे.

६. मुलाच्या मनाकडे लक्ष ठेवा. सतत रडणं, झोप उडणं, कोणाशी न बोलणं, 'माझा काही उपयोग नाही' असं म्हणणं हे नाटक समजू नका. 'टेली मानस' या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६ आहे. कधीही फोन करता येतो. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा केली तर मुलाला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे आणा.

माझ्या डॉक्टर मित्रांनाही एक विनंती. पौगंडावस्थेतलं मूल समोर आलं की आपण भूक, झोप, शौच विचारतो. त्यात आणखी एक प्रश्न घालू या : "वाचायला जमतं का रे?" त्याला अर्धा मिनिट लागतो. मी तो तीन वर्षं विचारला नाही.

त्या मुलाला चार फेऱ्यांनंतर दाखला मिळाला. आईने सतरा नंबरचा फॉर्म घेतला नाही. लेखी अर्ज दिला, पोच घेतली. मुख्याध्यापकांनी, त्यांचं श्रेय त्यांना द्यायला हवं, घटक चाचणीपासून लेखनिक द्यायचं मान्य केलं. तो आता दहावीत आहे, कदाचित पासही होईल. पोटदुखी थांबली आहे. पण परवा आई सर्दीचं औषध न्यायला आली, तेव्हा मी विचारलं, "वाचन कसं चाललंय?" ती म्हणाली, "तसंच आहे हो डॉक्टर. ते शिकवायला शाळेत कोणी नाही."

दहावीचा पेपर लेखनिक लिहील. पुढे बँकेचा फॉर्म, कंपनीची सूचना, औषधाच्या बाटलीवरचं लेबल त्याला स्वतःलाच वाचायचं आहे. म्हणून तुमचं मूल दिव्यांग असो वा नसो, जूनमधल्या पहिल्या पालकसभेत उभं राहून एवढंच विचारा : "आपल्या शाळेसाठी विशेष शिक्षक कोण आहेत आणि ते आठवड्यातून कोणत्या वारी येतात?" उत्तर आलं नाही, तर तो प्रश्न सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगा. आणि पुढच्या सभेत पुन्हा विचारा.